आबांचा ठोसा

आटपाडीकडचे बिरदेव हवालदार, म्हणजे आबा, एके काळी पलटणीतले बॉक्सर होते. निवृत्तीनंतर ते सांगलीत, विश्रामबागेत मुलाकडे राहायला आले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा एक ठोसाही आला. एक्क्याऐंशी साली पलटणीच्या फायनलमध्ये शिरवळचा नानासो नावाचा दुप्पट देहाचा गडी त्यांनी एका ठोशात आडवा केला होता. ही हकीकत सगळ्या कॉलनीला पाठ होती. दाताच्या डॉक्टरांना तर आबांनी ती तोंडात कापूस असताना सांगितली होती.

बायकोचा, हरणाबाईंचा मात्र विश्वास नव्हता.

"असल्या ठोशाला साक्षीदार कोन?" त्या विचारायच्या.

गेल्या उन्हाळ्यात साक्षीदार मिळाला. पलटणीतल्या जुन्या रिळांवरून कुणीतरी फिल्म उतरवून माजी सैनिकांच्या ग्रुपवर टाकली. नात स्वप्नाली कॉलेजात बॉक्सिंग शिकत होती. तिनं ती टीव्हीवर लावली. काळीपांढरी, मुकी, आणि दोघेही असे भराभर हलत होते की जणू त्यांना शेवटची एसटी गाठायची होती. काटकुळे आबा त्या धिप्पाड गड्याभोवती नाचत होते. एकाएकी गड्याचे हात खाली आले, आबांचा उजवा हात सुटला, आणि गडी पाठीवर पडला.

"परत लाव गं," हरणाबाई म्हणाल्या. परत बघून झाल्यावर त्या आत गेल्या आणि शिरा करायला लागल्या. आबांनी मिशीवरून हात फिरवला.

स्वप्नालीनं मात्र ती फिल्म फारच मनावर घेतली. आबांसारखाच डावा हात खाली, हनुवटी पुढं. सरावात समोरची मुलगी तिच्या नाकावर नेमानं ठोसे देऊ लागली.

"आबा, माझं चुकतंय कुठं?" सुजलं नाक घेऊन तिनं विचारलं.

"सराव कमी पडतोय," आबा म्हणाले आणि त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

एका रविवारी दुपारी दार भरून टाकणारा एक म्हातारा आला. "म्या शिरवळचा नानासो. बिरद्या हाय का घरात?"

आवाज ऐकताच आबा मोरीत शिरले आणि त्यांनी नळ सोडला.

हरणाबाई घाबरल्या, पण पाहुण्याला पाणी दिलं, ताट वाढलं. जेवण झाल्यावर नानासो म्हणाले, "ती फिल्म लाव बघू, पोरी. म्याबी ग्रुपवर बगितली. लय अर्धवट हाय."

फिल्म सुरू झाली.

"त्याच्या हाताकडं बघू नगंस. तोंडाकडं बघ."

स्वप्नालीनं बघितलं. आबांचे ओठ एकसारखे हलत होते.

"काय म्हणतायत ते?"

"म्हनत हुता, नानासो, नाकावर तेवढं मारू नगंस गड्या. म्होरल्या म्हयन्यात माजं लगीन हाय. वाकडं नाक घिऊन मांडवात कसा हुबा ऱ्हाऊ? मला लय वाईट वाटलं. हात खाली घेतलं आनि म्हनलं, बरं बाबा, सुखी ऱ्हा. तेवढ्यात म्या खाली!"

स्वप्नालीचा हात आपोआप स्वतःच्या नाकाकडं गेला.

हरणाबाई उठून मोरीच्या दाराशी गेल्या. "आवं, आपलं लगीन चौऱ्याऐंशीचं. एक्क्याऐंशी साली कुनाशी ठरलं हुतं?"

नळ बंद झाला. आतून आवाज आला, "कुनाशीच न्हाई!"

आता नानासोंचा चेहरा पडला. लढतीनंतर दोघांच्या बदल्या झाल्या होत्या, त्यांना हे कधी कळलंच नव्हतं.

"आरं, माजा दात पडला त्या ठोशानं! म्हनलं जाऊ दे, एका गड्याचा संसार तर हुबा ऱ्हायला!"

आबा ओल्या पायांनी बाहेर आले. "भ्या वाटलं रं. तुजा हात केवढा! तोंडाला आलं ते बोललो."

"मग मागनं तरी सांगायचंस."

"तवाबी तुजा हात तेवढाच हुता की."

नानासोंनी हात उगारला. हरणाबाईंनी डोळे मिटून घेतले. हात खांद्याच्या उंचीवर गेला आणि तिथंच अडकला. "आई गं!" नानासो ओरडले. आबा धावत जाऊन मलम घेऊन आले आणि त्यांचा खांदा चोळत बसले. चोळता चोळता आधी नानासो हसायला लागले, मग आबा, आणि शेवटी दोघांनाही ठसका लागला.

नानासो चांगले आठवडाभर राहिले. रोज खुर्चीत बसून स्वप्नालीवर ओरडायचे, "डावा वर! आज्याचं बघू नगंस!" जिल्ह्याच्या स्पर्धेत ती आष्ट्याच्या मुलीशी गुणांवर जिंकली, तीही शाबूत नाकानं. आबांनी मोबाईलवर सगळी लढत टिपली, पण घरी येऊन बघितलं तर फिल्मभर त्यांचा अंगठाच होता.

निघताना हरणाबाई नानासोंना स्टँडवर सोडायला गेल्या. बस लागल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "भावजी, खरं सांगा. ह्यास्नी काय येत हुतं का न्हाई?"

"वैनी, लय येत हुतं. पयल्या राउंडापास्नं त्याच्या डाव्यानं माजा जीव घाबरा केल्ता. लगीन ऐकलं तवा मलाबी बरंच वाटलं. थांबायला कारन मिळालं. पन त्येला सांगू नगा."

"छ्या, म्या कशाला सांगतीय?" हरणाबाई म्हणाल्या.

बस हलली तशा त्या रिक्षाकडं जवळजवळ पळतच निघाल्या.