भरदिवसा ओढलेला पडदा

मी पडदा बोलतोय. नेदरलँड्समधल्या हार्लिंगनला, कालव्याकाठच्या गल्लीत, तळमजल्यावरच्या खिडकीत मी सात वर्षं होतो. रंग मोहरीचा. खोटं कशाला बोलू, खिडकीत राहून समोरच्यांच्या घरात काय चाललंय ते मला सगळं दिसायचं. पण मी कुणाचं वाईट केलं नाही. तरी माझं नाव न्यायालयाच्या कागदात गेलं, आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

त्या घरच्या सीत्स्केने माझं कापड बाजारात उन्हासमोर धरून निवडलं. "उजेड येणार नाही ना?" तिने दुकानदाराला तीनदा विचारलं.

"बाई, याच्याआड घोडासुद्धा झोपेल."

"मग द्या. मला घोड्यासारखंच झोपायचंय."

ती बेकरीत कामाला. पहाटे दोनला जायची, दहाला यायची. घरात झोपायची खोली एकच, ती तिने लेकीला दिलेली. स्वतः पुढच्या खोलीत दिवाणावर, माझ्याआड, शाळा सुटेपर्यंत झोपायची.

आमच्या गल्लीत दिवसा पडदे ओढायची पद्धत नाही. खिडक्या सताड, कुंड्या मांडलेल्या, येणारा-जाणारा खुशाल आत बघतो. पडदा ओढलेला दिसला की लोकांना वाटतं, आत काहीतरी लपवताहेत.

वसंतात लेकीने, पंधरा वर्षांच्या नीन्केने, मैत्रिणीबरोबर कुणाची तरी मोपेड पळवली आणि कालव्यात घातली. चूक तिची, तिने कबूलही केली. प्रश्न राहिला एवढाच, की तिला घरी ठेवायचं की सुधारगृहात. बालन्यायालयात अशा वेळी परिवीक्षा अधिकाऱ्याच्या शब्दाला वजन असतं. त्याने घरी यायचं, माणसांशी बोलायचं, न्यायाधीशबाईंना अहवाल द्यायचा.

आमच्याकडचे अधिकारी ब्राउवरसाहेब बुधवारी सकाळी अकराला, न कळवता आले. सायकलवरून उतरले. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. दाराला बेल होती, तिला बोट लावलं नाही. फोनमध्ये काहीतरी टिपलं आणि गेले. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच.

अहवाल आला तो नीन्केने जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचला. "दिवसाही पडदे बंद. दोन भेटींत संपर्क नाही. आई देखरेखीस उपलब्ध नाही. मुलीस संस्थेत ठेवावे."

"अगं, मी घरातच होते," सीत्स्के म्हणाली.

"घोरत होतीस," नीन्के म्हणाली, आणि रडायलाच लागली.

शेजारच्या आफ्केकाकू तावातावाने आल्या. "बेल वाजवली नाही मेल्याने. मी कुंड्यांना पाणी घालत होते, दोन्ही वेळा बघितलं."

"मग चला काकू, न्यायाधीशबाईंना सांगा," नीन्के म्हणाली.

"मला कोण आत घेतंय? पोरांची सुनावणी दारं लावून असते."

बघा म्हणजे. त्यांनी दारं लावली तर तो कायदा, आणि रात्रभर राबून आलेल्या बाईने पडदा ओढला तर तो गुन्हा.

सुनावणीत काय झालं ते घरी आल्यावर नीन्केने नक्कल करून सांगितलं. वकिलाने विचारलं, "साहेब, तुम्ही आत गेला होतात?" साहेब म्हणाले, "पडदे बंद होते." न्यायाधीशबाईंनी तीन आठवडे दिले, पुन्हा जाऊन या म्हणाल्या.

त्याच दिवशी सीत्स्के स्टुलावर चढली आणि मला उतरवायला लागली.

"आई, तुला झोप कशी येणार?"

"तू गेल्यावर तरी कुठे येणार आहे?"

ती डोळ्यांवर मफलर बांधून भर उजेडात पडायची. जाणारे-येणारे थांबून बघायचे. दुसऱ्याच आठवड्यात भट्टीपाशी पेंगली आणि मनगटाला चटका बसला.

साहेब आले, पुन्हा बुधवारी अकराला. या वेळी बेल वाजवली. कॉफी घेतली, एक बिस्किट खाल्लं, खोली बघितली, गेले. मनगटावरच्या पट्टीबद्दल चकार शब्द विचारला नाही. नवा अहवाल आला: "पडदे काढले आहेत. आईच्या वागण्यात समाधानकारक सुधारणा. मुलीस वर्षभर देखरेखीखाली घरी ठेवावे."

पोर घरी राहिली, त्याचा मला आनंद आहे. पण सुधारणा? कुणाची?

साहेब, तुमच्या लेखणीवर एका पोरीचं घर टिकणार असतं. पुढच्या दारी जाल तेव्हा खिडकीवरून घर ओळखू नका. बसा, विचारा. ही बाई काय काम करते, कधी झोपते, हे तुमच्या दोन्ही अहवालांत कुठेच नाही.

वर्ष संपेपर्यंत मला लावायची तिची हिंमत नाही. मी दिवाणाखालच्या खोक्यात घडी होऊन पडलोय, आणि वर ती दुपारभर कूस बदलते, ते मला ऐकू येतं.