दोन अष्टम्या

नामा कोळी बायकोशी बोलेनासा झाला, त्याला चार महिने होऊन गेले होते. भांडण नाही, तंटा नाही. भांडला असता तर चंद्रभागेला बरंच वाटलं असतं. भांडणाला उत्तर देता येतं, आणि चंद्रभागेची उत्तरं ऐकायला ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात माणसं हातातलं काम टाकून दारात येत. पण या माणसाने तोंडाला कुलूपच लावलं. वाढलं की जेवायचं, अंथरलं की निजायचं, आणि उरलेला दिवस खाडीच्या काठाला बसून पलीकडच्या कळव्याकडे बघत राहायचं. आता कळव्यात बघण्यासारखं असं काय आहे, ते त्यालाच ठाऊक.

राग मात्र खोटा नव्हता, आणि हे चंद्रभागाही मनात कबूल करायची. नामा काविळीने दवाखान्यात पडला असताना तिने त्याची होडी विकली होती. खाडीत मासा उरला नव्हता. जाळं टाकावं तर काळा गाळ आणि पिशव्या. होडी वर्षभर काठावर उपडी पडून होती, ऊन खात, फळ्या उलत. अशात मुरबाडच्या बाजूचा पंढरी म्हणून एक माणूस विचारत विचारत आला. म्हणाला, धरणाच्या पाण्याने आमच्या गावाला वेढा घातलाय, पोरांना पलीकडे शाळेत जायला होडी पाहिजे. चंद्रभागेने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ट्रक आला आणि होडी गेली. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नामाने आपल्या आईचं नाव घातलेलं होतं, हौसाबाई. तेही ट्रकवर चढून गेलं.

नामा घरी आला, काठावरची रिकामी जागा त्याने बघितली आणि एकच वाक्य बोलला.

"माज्या आईसला जलनात घातलीस."

त्यानंतर कुलूप. डोंगराकडच्या माणसाला होडी कशाला हवी? सागवान आहे म्हणून नेली, फोडली आणि चुलीत घातली, असं त्याने मनाशी धरलं ते धरलंच. आणि चंद्रभागेपाशी त्यावर उत्तर नव्हतं, कारण बाजारात मूठभर सुकट देताना गिऱ्हाइकाच्या सात पिढ्या विचारणारी ही बाई, नवऱ्याची होडी देताना गावाचं नाव विचारायला विसरली होती. दवाखान्यात पेज न्यायची घाई होती तिला. घाईत काय काय होतं माणसाच्या हातून.

तीस वर्षं ती सुकी मासळी घेऊन मुरबाडच्या बाजाराला जात होती. ठाण्याहून एसटी, माजिवड्याचं वळण, कल्याण, मग मुरबाड, कधी त्याच्या पुढच्या गावांचे बाजार. पण प्रवास कसला? पाटी घेऊन आत पाऊल टाकलं की कंडक्टर म्हणायचा, "मावशी, मागे." अगदी मागचं लांब बाकडं, पायांत बोंबिलाची पाटी, आणि पुढच्या माणसांच्या नाकाला रुमाल. जेवताना याच लोकांना चटणी मात्र लागते, पण ते असो. मागच्या बाकड्यावरून रस्ता दिसत नाही, नुसता लागतो. त्या वाटांवरचा प्रत्येक खड्डा चंद्रभागेच्या कमरेला पाठ होता, डोळ्यांना एकही झाड माहीत नव्हतं.

तर एके दिवशी ठाण्याच्या स्टँडवर एक मास्तरीणबाई भिंतीवरची पाटी वाचून कुणाला तरी सांगत होत्या. आवडेल तेथे प्रवास. एसटीची नवी योजना. एकदा पास काढायचा, की दहा दिवस वाटेल त्या गाडीत चढा, वाटेल तिथे उतरा, पुन्हा दुसरी गाडी पकडा. चंद्रभागा तिथेच थांबली. तिच्या डोक्यात जे आलं ते आलं.

खिडकीतल्या कारकुनाने दोन पास लिहिले आणि हौसेने विचारलं, "मग काय, कोल्हापूर करणार? महाबळेश्वर?"

"मुरबाड," चंद्रभागा म्हणाली.

"आणि मग?"

"मग मुरबाडच्या पुढं जिथं जिथं गाडी जाते तिथं."

कारकुनाने तिच्याकडे बघितलं, पासाकडे बघितलं, आणि शिक्का मारला.

घरी येऊन ती नवऱ्यासमोर उभी राहिली. "होरी शोधाया जाते मी. चुलीत गेली असंल तर परत तुमाला तोंड नाय दाखवणार. यायचं तर या."

नामा उठला, टोपी घातली आणि पायांत चपला सरकवून दाराबाहेर जाऊन उभा राहिला. 

गाडीत चढल्यावर सवयीने चंद्रभागा सरळ मागे निघाली. हातात पाटी नाही, नुसती कापडाची पिशवी, तरी पाय आपले मागेच. नामाने तिचं कोपर धरलं आणि तिसऱ्या रांगेत खिडकीपाशी तिला बसवलं. स्वतः शेजारी बसला, तोंड समोर. चंद्रभागेने पहिल्यांदा खिडकीची काच सरकवली आणि वारा तोंडावर घेतला.

मग सुरू झालं त्यांचं चढणं आणि उतरणं. मुरबाडहून आडवाटेच्या गाड्या सुटतात, दिवसातून दोन, कुठे एकच. कुठे पाणी चमकलं की नामा उठून उभा राहायचा, की चंद्रभागा दोरी ओढून घंटी मारायची. उतरायचं, काठाकाठाने चालायचं, भेटेल त्याला विचारायचं, "हितं कुठं पोरांना नेनारी होरी हाय?" कुठे तळं निघायचं, कुठे ओढा, कुठे नुसतं पाणी भरलेलं भातशेत. पुन्हा फाट्यावर येऊन पुढच्या गाडीची वाट बघायची.

राहायची ददात नव्हती. तीस वर्षांची गिऱ्हाइकं गावोगाव होती. "कधी या की आमच्याकडे," असं बाजारात सगळेच म्हणतात, पण चंद्रभागा खरोखरीच दारात उभी राहिली की लोक चक्रावत आणि मग हसत. धसईच्या तुळसाने तर भाकरी थापता थापता अर्धं गाव गोळा केलं. "आमची सुकटवाली मावशी, आणि हे मावशीचं माणूस. बोलत नाहीत, पण जेवतात."

मार्गशीर्ष होता. सकाळी धुकं, दुपारी कोवळं ऊन. खिडकीशी बसून चंद्रभागा दिवसभर बोलायची. हा बघा वड, याच्या पुढंच तो मोठा खड्डा. ती देवळी बघा, इथं गाडी डावीकडे झुकते, माझी पाटी इथंच घसरायची. इतक्या वर्षांचे हिसके आता तिला डोळ्यांनी दिसत होते, आणि ती लहान पोरीसारखी हरखली होती. होडीसाठी निघालो आहोत हे मधूनच आठवायचं आणि ती गप्प व्हायची. नामा समोर बघत असायचा. निदान तिला तसं वाटायचं.

आता या दहा दिवसांची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथेच झाला. पासावर तारीख लिहिलेली होती, पण चंद्रभागेला वाचता येत नव्हतं आणि कोळ्याच्या घरात तारखेला विचारतो कोण? भरती तिथीवर, ओहोटी तिथीवर, जाळं टाकायचं ते तिथीवर. तारीख कारखान्यातल्या माणसांसाठी. मार्गशीर्षाच्या पाडव्याला पास सुरू झाला, तेव्हा दशमीला संपणार, इतका सरळ हिशेब तिने बोटांवर धरला. रोज सकाळी ज्या घरी असेल तिथे विचारायची, "आज काय गो?" तुळसा म्हणाली, अष्टमी. दुसऱ्या दिवशी पुढच्या गावातल्या देवळातला गुरव म्हणाला, अष्टमी. चंद्रभागा मनात म्हणाली, तुळसाला आकडे कधी आलेत? बाजारातही बोंबील मोजताना एक जास्तच उचलायची. आणि तिने गुरवाची अष्टमी खरी धरली.

दशमी उजाडली तेव्हा एकच गाडी बघायची राहिली होती, आणि त्या गाडीचं शेवटचं गाव. बाकी सगळीकडे हात हलवत परतले होते. गाडी सुटली, तरुण कंडक्टर तिकिटं फाडत जवळ आला, पास हातात घेतला आणि थबकला.

"मावशी, हा पास काल संपला."

"कसा संपंल? पाडव्यापास्नं दहा. आज दशमी."

"अहो, दशमी असेल. पण तारखेने आज अकरावा दिवस आहे. एसटी तिथीवर नाही चालत. मध्ये एखादी तिथी दोनदा आली असेल बघा."

गाडीतली माणसं वळून बघू लागली. चंद्रभागेच्या डोळ्यांसमोर तुळसा आली आणि गुरव आला. दोघांचीही अष्टमी खरी होती तर. तिला एकदम फार दमल्यासारखं झालं. तिथी चुकणारी कोळीण, होडी चुलीत घालणारी बायको. आणखी काय ऐकायचं राहिलं होतं? शेजारी बसलेल्या माणसाकडे बघायची तिला हिंमत होईना. झालं तेवढं पुरे, असं म्हणून तिने पिशवी उचलली आणि उठायला लागली.

"फाट्याव उतरतो, बाला," ती कंडक्टरला म्हणाली.

"दोन तिकटं दे," शेजारून आवाज आला. "शेवटच्या गावाची."

घोगरा, गंजलेला आवाज. चार महिने न वापरलेला. चंद्रभागा अर्धवट उठली होती ती तशीच खाली बसली. नामाने कनवटीतून पैसे काढून दिले, तिकिटं घेतली आणि पुन्हा समोर बघू लागला. खिडकीबाहेर काय गेलं, ते त्यानंतर चंद्रभागेला काही दिसलं नाही.

गाडी एका चिंचेखाली जाऊन थांबली. त्याच्या पुढे रस्ताच नव्हता, पाणी होतं. निळं, स्वच्छ, दूरवर पसरलेलं, आणि पलीकडे चार-दोन घरं. काठावर दप्तरं घेतलेल्या पाच-सहा मुली उभ्या होत्या. त्यातली एक पाण्यात पाय घालायला निघाली, तशी मोठी मुलगी तिला म्हणाली, "थांब गं. हौसाबाई पलीकडे गेलीय. येईल आत्ता."

चंद्रभागा जागच्या जागी उभी राहिली. नामाही. त्याने टोपी काढून हातात घेतली.

होडी आली. पंढरी बांबूने रेटत होता. फळ्यांना नवा निळा रंग होता, पण नाळेवरची अक्षरं तीच, कुणीतरी पांढऱ्या रंगाने नीट गिरवलेली. अक्षरांवर हळदीकुंकू आणि झेंडूचं एक फूल.

पंढरीने चंद्रभागेला ओळखलं. "अहो मावशी, तुम्ही? नाव तसंच ठेवलं बघा. बाईमाणसाचं नाव पुसायचं कसं? आमच्या शाळेच्या गुरुजींनी गिरवून दिलं. पोरं म्हणतात, हौसाबाईने सोडलं, हौसाबाईला उशीर झाला. माझं नाव कुणी घेत नाही आता."

नामा धोतरासकट गुडघाभर पाण्यात शिरला. हात फळीवरून फिरवत फिरवत त्या जागेपाशी नेला जिथे त्याने स्वतः ठिगळ बसवलं होतं, आणि ते ठिगळ अंगठ्याने दाबून पाहिलं. मग पंढरीकडे वळला.

"खाली बसते होरी. गोडं पानी हाय, खाडीसारकं उचलनार नाय. बारा पोरांच्या वर घेव नको."

"बरं," पंढरी म्हणाला. "आणि काय काय बघायचं?"

ते ऐकून नामाचा जो तोंडाचा पट्टा सुटला! डांबर कधी, तेल कधी, पावसाळ्यात कशी ठेवायची. पंढरी मान हलवत होता, मुली हसत होत्या. शेवटी पंढरीला काठावर ठेवून नामानेच वल्हं हातात घेतलं, मुलींना बसवलं, आणि चंद्रभागेला पुढे नाळेपाशी बसवलं.

मुली पलीकडे उतरून गेल्या. परतताना होडीत दोघंच. मधोमध आल्यावर नामा म्हणाला, "बरा केलास. इकलीस ती बरा केलास."

चंद्रभागा रडली. लपवायचं कशाला, चांगली हमसून रडली. मग पदराने तोंड पुसलं, नाक ओढलं आणि तिला एकदम आठवलं.

"अवो, जल्मभर भरती मोजलीत तुमी. अष्टमी दोनदा आली, तुमाला ठाव नव्हता?"

"होता."

"पास काल संपला, ता पन?"

"ता पन."

"मंग बोललात का नाय? चार मान्सांत लाज गेली माजी."

नामाने दोनदा वल्हं मारलं. होडी सावकाश पुढे सरकली.

"तीस वर्सा मागं बसलीस," तो म्हणाला. "खिरकीशी बसून हसत होतीस. आनकी एक दिस बघावा वाटला."