त्रेसष्टाव्या पानावरची घंटी

मी नियमपुस्तक बोलतोय, एका खेळाचं. आणि आधीच सांगून टाकतो, मला त्या वहीचा राग येतो. मानोऱ्याच्या बाजारातून आणलेली, दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची वही. तिचं नाव निघालं तरी माझ्या पोटात दुखतं.

माझा जन्म अमरावतीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात झाला. हॉस्टेलच्या पोरींनी मिळून हा खेळ रचला, नियम मराठीत लिहिले आणि एकशे बारा पानांना स्पायरल घातलं. त्यांतली उज्ज्वला शिक्षण संपवून मानोऱ्याजवळच्या आपल्या तांड्यावर परतली, तेव्हा मला घेऊन आली. आता ती मानोऱ्यात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते आणि रविवारी दुपारी तांड्यातल्या देवळाच्या ओट्यावर खेळ मांडते.

या खेळात पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं आणि बोलत बोलत गोष्ट पुढे न्यायची. अडलं की फासा टाकायचा. गोष्टीतल्या शहराचं सगळं पाणी एका कंपनीनं कोंडून ठेवलंय आणि त्याचं कुलूप म्हणजे एक संगणक. ते फोडणारी हॅकर म्हणजे बिजली. बिजली व्हायची रेणू, उज्ज्वलाची चुलतबहीण, नुकतीच बारावी झालेली.

सुरुवातीला माझा काय थाट होता! हात पुसल्याशिवाय मला कोणी उघडत नसे. इंझोरीहून मोटारसायकलवर येणारा ऋषिकेश तर माझी पानं नंबरासकट पाठ म्हणायचा.

मग शंका निघू लागल्या. बिजलीला दोन कुलपं एकदम फोडता येतील का? वीज गेली तर हॅकर बाहेर पडतो की आत अडकतो? याची उत्तरं माझ्यात नव्हती. माझ्या आयांना सुचलंच नव्हतं, त्याला मी काय करू? उज्ज्वला म्हणाली, "आपनच ठरवू अन् लिहून ठेवू." त्यासाठी ती वही आली.

तेव्हापासून आधी वही उघडायची आणि मी खाली. तिच्या पानांना स्केचपेनचे समास, वर प्लॅस्टिकचं कव्हर. माझ्यावर चहाचे कप ठेवायचे. तिच्यात लिहिलेलं सगळं माझ्याच चुकांतून निघालेलं होतं, पण कौतुक मात्र तिचं. जळणार नाही तर काय करणार!

दिवाळीनंतरच्या एका रविवारी खरं भांडण झालं. माझ्या त्रेसष्टाव्या पानावर लिहिलंय की हॅकरचा डाव फसला की धोक्याची एक घंटी वाजते आणि पाच वाजल्या की तो संपला. चौसष्टाव्या पानावर म्हटलंय की हॅकर बाहेर पडला की संगणक पूर्ववत होतो. त्यात घंट्याही पुसल्या जातात की नाही, हे लिहायचं राहून गेलं. त्या दिवशी बिजलीच्या चार घंट्या वाजल्या आणि रेणूनं तिला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी रेणूचं घर ऊसतोडीला जाणार होतं. ती पाच महिने येणार नव्हती.

"घंट्या पुसल्या गेल्या," रेणू म्हणाली. "पुस्तकातच हाय तसं. मी आल्यावर शून्यापासून."

"कायच्या पुसल्या? मंग हॅकिंगले कोणी भेईनच नाही," ऋषिकेश म्हणाला. "अन् पाच महिने आमी कायले थांबावं? बिजली आमच्या वैजयंतीले देऊन टाका." वैजयंती ही त्याची बहीण. ती त्या दिवशी पहिल्यांदाच आली होती.

"बिजली माही हाय," रेणू म्हणाली आणि तिनं फासा मुठीत घट्ट आवळला. तेव्हा मला कळलं, भांडण घंट्यांचं नव्हतंच. आपण नसताना आपली जागा जाईल, याची तिला धास्ती होती.

ओट्याच्या टोकाला रामसिंग बसले होते. रेणूचे आजोबा आणि तांड्याचे नायक. तांड्यातला तंटा मिटवायला बैठक बसवायची, तशी त्यांनी या पोरांची बसवली. "एकानं बोलाचं, दुसऱ्यानं मधात तोंड नाही घालाचं," एवढं बजावून त्यांनी दोघांचंही शेवटपर्यंत ऐकलं.

मग विचारलं, "कुलपाचा मालक तोच हाय ना? चोर चार खेपा दारात येऊन गेला, तर मालक इसरन काय?"

"नाही इसरनार," रेणू हळूच म्हणाली.

"मंग घंट्या चारच. अन् ऊसतोडीले गेलेल्याच्या घरात तांड्यात कोणी घुसते काय? दाराले कुलूप रायते, घर त्याचंच रायते. बिजली रेणूचीच. वैजयंतीले दुसरं कोणी बनवा."

दोघंही अर्धे हरले. निकाल चांगलाच होता, पण नायकांनी मला उघडूनसुद्धा पाहिलं नाही. आणि उज्ज्वलानं तो लिहिला कुठे? वहीत!

वरून निघताना उज्ज्वला रेणूला म्हणाली, "आमचं वहीवर भागते. पुस्तक तू घेऊन जाय."

भागते! इतकीच माझी किंमत. दुसऱ्या दिवशी मी ट्रकमध्ये तांदळाच्या डब्याला टेकून बसलो होतो.

उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, रेणू मला रोज वाचायची. माझ्या कोपऱ्याला चुलीची झळ लागली, पानांना उसाच्या रसाचे डाग पडले, पण इतकं मन लावून मला कोणी वाचलं नव्हतं. एकदा तिच्या मोबाइलवर फोटो आला. ओट्यावर सगळे बसलेले, मधोमध ती लाल वही आणि तिच्यावर वाकलेली वैजयंती. रेणूनं फोटो मोठा करकरून पाहिला. "माह्याच जागेवर बसली," ती म्हणाली. ती वैजयंतीवर जळत होती आणि मी वहीवर. त्या दिवशी मला पहिल्यांदा सोबत मिळाली.

मग तिनं पेन्सिल काढून माझ्या त्रेसष्टाव्या पानावर टेकवली. मला वाटलं, आता माझ्यातही काही लिहिलं जाणार. पण पुस्तक उज्ज्वलाचं आहे हे आठवून तिनं पेन्सिल परत दप्तरात ठेवली.

चैत्रात आम्ही परतलो. पहिल्याच रविवारी रेणू मला काखेत मारून ओट्यावर गेली. वैजयंती न सांगताच सरकली. उज्ज्वलानं वही उघडून रेणूपुढे ठेवली. दर रविवारच्या पानाखाली एकच ओळ होती. बिजली, घंट्या चार. बिजली, घंट्या चार. अशी एकवीस पानं, आणि अक्षर वैजयंतीचं.

"नायकानं सांगतलं होतं ना," वैजयंती म्हणाली, "म्हून मी दर खेपेले लिवलं."

रेणूनं एकवीसही पानं उलटली. मग डोळे पुसून म्हणाली, "आता फासा टाकू?"

ओट्याची फरशी उखडलेली. वहीवर फासा टाकून ती मळवायची कशाला, म्हणून मला आडवं घातलं. कुलूप फोडायला चार किंवा वर हवे होते. माझ्या पाठीवर फासा दोनदा उलटला आणि पाच पडले. कुलूप फुटलं, शहराला पाणी सुटलं आणि सगळे एकदम वाकले ते वहीवर, लिहायला.

मी पालथा पडून पाहत होतो. मला त्या वहीचा अजूनही राग येतो, उलट आता जास्तच येतो. कारण एकवीस रविवार कुणाची तरी जागा राखणं माझ्या एकाही पानाला जमलेलं नाही.

रेणू, माझं एवढंच मागणं आहे. माझ्या त्रेसष्टाव्या पानाखाली दोन बोटं जागा कोरी आहे. 'बिजली, घंट्या चार' एवढं एकदा तिथेही लिही. पेन्सिल अजून तुझ्या दप्तरातच आहे.