न वाजलेला ठोका

मित्रांनो, मला वाजवायला जाऊ नका. 'धम' येणार नाही. फाटक्या कातड्यातून नुसती हवा जाईल. सापन नदीकाठच्या एका गावातला मी म्हातारा नगारा. माझ्या आयुष्याचे ठोके तीन. दोन वाजले.

पहिला ठोका.

अचलपूरच्या तांबटाने मला गढीवरच्या दोन भावांसाठी घडवलं. पुढे बंधाऱ्याच्या पाण्यावरून ते भाऊच एकमेकांवर उठले. गाव दुभंगलं. वरची आळी थोरल्याकडे, खालची धाकट्याकडे. नदीच्या वाळूत, माझ्या तिसऱ्या ठोक्याला, धाकट्याचा गुडघा जमिनीला टेकला. बंधाऱ्याचं पहिलं पाणी वरच्या आळीचं झालं.

दुसरा ठोका.

दरवर्षी होळीनंतर गावाने ती लढाई पुन्हा खेळायची, अशी रीत पडली. लाकडी तलवारी, तीन ठोके. ज्याचा गुडघा टेकेल, त्याच्या आळीला उन्हाळाभर दुसरं, म्हणजे उरलेलं पाणी; आणि तिसऱ्या ठोक्याला टेकायचा तो दरवर्षी धाकट्याचाच. नागपुरात गोऱ्या साहेबांचा कारभार होता, पण आमच्या बंधाऱ्यावर त्या जुन्या लढाईचंच राज्य चाले. मला एरंडीचं तेल चोळायचा मान जिंकणाऱ्या आळीचा. आधी वरच्या आळीतले मायेने चोळत. मग जिंकायची इतकी सवय झाली, की तेल राहूनच गेलं. मी वाळत गेलो.

एका वर्षी पावसाने दगा दिला. खालच्या आळीतल्या मैनाबाईची वांगी माना टाकत होती. तिचा नवरा सहदेव खेळात धाकटा भाऊ व्हायचा. खेळाआधी माझं कातडं विस्तवावर शेकून ताणताना ती नगारा वाजवणाऱ्या नत्थुजींना म्हणाली, "भाऊजी, दुसऱ्या पान्यापर्यंत माहा मळा नाही वाचत. काही करा ना."

"मी काय करू, वहिनी? मी त ठोकतो फक्त. हरनं त ठरेलच हाय."

खेळ रंगला. दोन ठोके झाले. थोरला झालेल्या चंद्रभानने तलवार उगारली. सहदेवचा गुडघा वाकला. नत्थुजींचा हात खाली आला.

तिसरा ठोका.

.

मी फाटलो होतो.

"पड ना बे!" चंद्रभान पुटपुटला.

"ठोका कुठी झाला?" सहदेव ताठ उभा राहिला.

चंद्रभानने सवयीने वार केला. सहदेव सरकला, आणि त्या झोकात चंद्रभानचाच गुडघा टेकला.

कधीची संपलेली लढाई डोळ्यांदेखत उलटली होती. माझं तांबं शहारलं.

"हे काही खरं नाही. पुन्हा घेऊ!" वरच्या आळीचे किसनराव ओरडले.

"लढाई का दोनदा होते, किसन?" त्यांची थोरली बहीण मनकर्णाबाई म्हणाली. "अन् नगाऱ्याले तेल लावाचं कोनाकडे होतं?"

किसनरावांनी माझ्या फाटक्या कातड्यावरून बोट फिरवलं. ते कोरडंच निघालं.

सकाळी पाणी वरच्या संत्र्याच्या बागा ओलांडून खाली निघालं. पाटाच्या कडेने दोन्ही आळ्या अनवाणी चालल्या, पालखीमागे चालावं तशा. मैनाबाईने ओल्या वाफ्यावर हात ठेवला. बराच वेळ तो उचललाच नाही.

वरची आळी म्हणाली, कातडं बदला. खालची म्हणाली, बदललं की पुन्हा पडावं लागेल. शेवटी खेळ थांबला आणि पहिलं पाणी एक वर्ष वर, एक वर्ष खाली असं ठरलं. मी मारुतीच्या देवळात कोपऱ्यात पडलो. मला कुणी हात लावीना.

फक्त मैनाबाई. दर होळीला येते, फाटक्या कातड्याला तेल चोळते आणि म्हणते, "वाजू नको बाप्पा, पन वाळू बी नको."

मित्रांनो, ती आता थकली आहे. तेलाची वाटी माझ्या शेजारीच ठेवलेली असते.