पहिली धावणारी

वाहन परवान्याच्या अर्जात 'व्यवसाय' या रकान्यात तिने 'हॉकी' असं लिहिलं, तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने चष्मा कपाळावर सरकवून तिच्याकडे पाहिलं.

"छंद नाही विचारलाय, व्यवसाय विचारलाय."

"व्यवसायच लिहिलाय."

"म्हणजे पोटापाण्यासाठी काय करता?"

"हॉकीच. अकरा वर्षं झाली."

कारकुनाने शिक्का मारला खरा, पण अशा चेहऱ्याने, जणू या बाईला अजून धड नोकरी लागलेली नाही आणि ते सांगायची तिला लाज वाटतेय. ती मात्र मान ताठ ठेवून बाहेर पडली. संघात तिला सगळे 'धडक' म्हणायचे. ते नाव तिला कुणी लाडाने ठेवलेलं नव्हतं, तिने ते कमावलं होतं.

कसं, ते सांगायचं तर शॉर्ट कॉर्नर समजून घ्यायला हवा. आपल्या गोलजवळ आपल्याकडून चूक झाली, की समोरच्या संघाला तो मिळतो. गोलरक्षकासह पाच जणी गोलरेषेमागे उभ्या राहतात. बाजूने चेंडू आत येतो. पंधरा-सोळा पावलांवर समोरची एक जण तो अडवते आणि दुसरी तो स्टिकवर घेऊन असा भिरकावते, की दगडासारखा कडक चेंडू मोटारीच्या वेगाने सुटतो. पण चेंडू आत येताच गोलरेषेवरून एक जण सरळ त्या भिरकावणारीच्या अंगावर धावत सुटते. तोंडावर जाळीचा मुखवटा, गुडघ्यांवर पॅड, एका हातात जाड हातमोजा, बस्स. तिला पहिली धावणारी म्हणतात. धडक अकरा वर्षं पहिली धावणारी होती. या कामात तिची दोन बोटं आणि गळ्याचं हाड मोडलं होतं, एक पुढचा दात गेला होता. हाडं जुळली. दाताबद्दल कुणी विचारलं तर ती म्हणायची, "दात नवा आहे, हसू जुनंच आहे."

त्या वर्षी तिच्या संघाने देशाचा चषक जिंकला. एका वाहिनीने ठरवलं, की खेळाडूंवर वीस-वीस मिनिटांचे कार्यक्रम करायचे. गोल करणाऱ्या दोघींचे झाले, गोलरक्षकाचा झाला, कर्णधाराचा झाला. मग धडकचा नंबर लागला.

कॅमेरावाला आणि मुलाखत घेणारी बाई, दोघं सकाळी घरी आले. वडील बस डेपोत ब्रेकचं काम बघायचे, ते ड्यूटीवर गेले होते. आईने त्या दिवशी रजा घेतली होती. ती एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागात होती. सव्वीस वर्षांत तिथल्या अवाढव्य इस्त्रीच्या यंत्रावरून चढत चढत ती त्या सबंध विभागाची मुकादम झाली होती. घरातली प्रत्येक चादर, प्रत्येक टॉवेल कडेला कड जुळवून घडी घातलेला असायचा. कॅमेरावाल्याने बसायच्या आधी सोफ्यावरची चादर जरा ओढली, आईने ती लगेच सारखी केली.

मुलाखतवाली बोलायला गोड होती. तिने वही उघडली.

"ताई, सुरुवातीला तुम्ही अनवाणी खेळायचात ना?"

"नाही. बूट होते."

"कुणाचे तरी जुने?"

"नाही हो, नवे. आईने आणलेले. एक नंबर मोठे होते, एवढंच."

बाईने वहीत काहीतरी खोडलं. "घरच्यांचा विरोध?"

"तसा काही नाही. बाबांचं म्हणणं होतं, पोहायला जा. पण मला पाण्याची भीती."

कॅमेरावाला खुदकन हसला. बाईने त्याच्याकडे डोळे वटारले आणि मोर्चा आईकडे वळवला. "आई, कधी असं झालं का, की मुलगी सरावाहून आली आणि घरात खायला काहीच नव्हतं?"

"झालं की."

बाई पुढे सरकली. "सांगा ना."

"आदल्या दिवशीच हिने सगळं संपवलेलं असायचं. सहा-सहा अंडी खायची एका बैठकीत. मी डब्याला कुलूप लावायच्या बेतात होते."

आता धडकलाही हसू आवरेना. बाईने पेन खाली ठेवलं आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "आई, प्रेक्षकांच्या काळजाला भिडायला हवं. तुम्ही असं करा. त्या इस्त्रीच्या टेबलापाशी उभ्या राहा, चषकाच्या फोटोकडे बघा, आणि जुने दिवस आठवून डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या."

"रडू?" आई म्हणाली. "का बरं? जिंकलीय ना ती?"



"तसं नव्हे, तुमचे कष्ट दिसले पाहिजेत," बाई म्हणाली. "आपण तुमच्या धुलाई विभागातही जाऊ. ती वाफ, तो घाम..."

आईच्या कपाळाला आठी पडली. तिने आवाज चढवला नाही, पण शब्द मोजून टाकले. "हे बघ बाळा. कष्ट बघायला यायचं असेल तर येऊ नकोस. काम बघायचं असेल तर जरूर ये, मी स्वतः दाखवीन. माझ्या हाताखालून गेलेलं कापड शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातं. तिथे हयगय चालत नाही. मी बिचारी नाही आणि माझी पोरगीही बिचारी नाही. आम्ही दोघी आपापल्या कामात पक्क्या आहोत."

धडक आईकडे बघत राहिली. आई हे असं कधी बोलली नव्हती. घरात कामाच्या गप्पा म्हणजे 'आज बारा नंबरचं यंत्र बंद पडलं' एवढ्याच. आणि तिला एकदम उमगलं, की कारकुनापुढे आपली मान ताठ राहिली ती कुठून आली. छाती भरून आली तिची. पण रडायचं तर अजिबात नव्हतं, निदान कॅमेरा चालू असताना तरी.

"मॅडम," ती मुलाखतवालीला म्हणाली, "तुम्ही तासभर बसलात. मी काय खेळते, ते एकदाही विचारलं नाहीत."

"हॉकी."

"हॉकी सगळ्याच खेळतात. मी काय करते?"

 बाईने वहीची पानं उलटली.

"उद्या सकाळी सात वाजता मैदानावर या," धडक म्हणाली. "बूट घालून."

बाई आली. कॅमेरावालाही आला. सरांनी, म्हणजे प्रशिक्षकांनी, आधी नाक मुरडलं, मग म्हणाले, "बघू दे. नाहीतरी आपल्याकडे बघतंय कोण!" बाईला जाळीच्या मागे उभं केलं. संघातल्या मुलीने पहिला चेंडू भिरकावला, तो गोलच्या मागच्या फळीवर असा आदळला, की बाईच्या हातातली वही खाली पडली.

"मला तिथे गोलरेषेवर उभं राहून बघायचंय," थोड्या वेळाने ती स्वतःहून म्हणाली.

तिला मुखवटा, पॅड, हातमोजा सगळं चढवलं. सरांनी चेंडू निम्म्या जोराने आणि चांगला लांबून भिरकावायला सांगितला. चेंडू आत आला. बाई दोन पावलं धावली आणि डोक्यावर हात घेऊन मटकन खाली बसली. चेंडू तिच्यापासून चांगला हातभर लांबून गेला होता.

कुणी हसलं नाही. धडक तिच्याजवळ गेली, मुखवट्याचा पट्टा सोडवून दिला आणि गवतावर तिच्या शेजारीच बसली.

"माझंही पहिल्यांदा असंच झालं होतं," ती म्हणाली.

"आता नाही वाटत भीती?"

"वाटते की. रोज वाटते. पण ती गोलरेषेवर असते. एकदा निघालं, की डोक्यात फक्त त्या भिरकावणारीची स्टिक असते."

"आणि चेंडू तुम्ही अडवता?"

"दहातला एखादा. माझं काम अडवणं नाहीच. मी समोरून येतेय म्हटल्यावर तिला अर्धा गोल दिसतच नाही. उरलेल्या अर्ध्यात आमची गोलरक्षक उभी असते. लोक टाळ्या तिच्यासाठी वाजवतात, आणि वाजवायलाच हव्यात. पण तिला माहीत असतं आणि मला माहीत असतं."

 कॅमेरा चालू होता. मग बाईने विचारलं, "हे थांबेल तेव्हा? अजून दोन-तीन वर्षांनी? मग तुम्ही कोण असाल?"

हा प्रश्न धडकला आजवर कुणी विचारला नव्हता. तिने स्वतःला मात्र पुष्कळदा विचारला होता. तिने बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली.

"नोकरी करीन, शिकवीन, काहीतरी करीनच. वाईट वाटेल, खोटं कशाला बोलू? पण एक सांगते. माणसाला आयुष्यात कितीदा कळतं, की संकट नेमकं कुठून येणार आहे? मला कळायचं. आणि माहीत असून मी तिकडेच धावले. हजारदा तरी धावले असेन. हे माझ्याकडून कोण काढून घेणार?"

महिन्याभराने बाईचा फोन आला. आवाज पडलेला होता. वरिष्ठांना अश्रू हवे होते, ते नव्हते म्हणून वीस मिनिटांची आठ मिनिटं झाली होती. "पण त्या आठ मिनिटांत मी दुसरं काही घुसू दिलं नाही," ती म्हणाली. "भांडले मी."

ती आठ मिनिटं आईने वडिलांसोबत पाहिली. त्यात घर नव्हतंच. होता तो शॉर्ट कॉर्नर, पुढून, मागून, सावकाश करून दाखवलेला. आणि दहा सेकंद आई होती. मुकादमाच्या कोटात, पांढऱ्याशुभ्र चादरीची कड तपासताना. बाई खरोखरच काम बघायला गेली होती. "बरी निघाली की पोरगी," आई म्हणाली. तिच्या तोंडून याहून मोठी शाबासकी आजवर कुणी ऐकली नव्हती.

पुढच्या मोसमातला तिसरा सामना. एका गोलची आघाडी, शेवटची दोन मिनिटं, आणि समोरच्या संघाला शॉर्ट कॉर्नर. त्यांची भिरकावणारी उंच, खांद्यांनी रुंद, गेल्या मोसमात नऊ गोल केलेली. धडकने मुखवटा चढवला. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की मैदान शांत झालंय आणि बऱ्याच माना नेहमीसारख्या चेंडूकडे नाहीत. लोक गोलरेषेकडे बघत होते. तिच्याकडे.

चेंडू आत आला. ती सुटली. चेंडू थाडकन नडगीवर बसला. गुडघ्याच्या खाली लागला, की नियमाने पुन्हा शॉर्ट कॉर्नर; वर लागला, तर चेंडू बचाव करणाऱ्यांचा. ती लंगडत परत रेषेवर आली. पुन्हा तेच, त्याच नडगीवर, पहिल्या माराच्या दोन बोटं खाली. पुन्हा शॉर्ट कॉर्नर.

"अगं, जरा वर तरी लागू दे!" सर बाहेरून ओरडले.

"चेंडूला सांगा!" ती ओरडली, आणि सबंध बचावफळी हसली. गोलरक्षकाने तिच्या पाठीत थाप मारली.

तिसऱ्या वेळी वेळ संपलेली होती, फक्त तो एक कॉर्नर उरला होता. पाय ठणकत होता, तरी ती आधीच्या दोन्ही वेळांपेक्षा जोरात निघाली. या वेळी धडकची स्टिक आडवी आली. चेंडू तिच्यावर आपटून हवेत उडाला आणि बाजूच्या रेषेबाहेर जाऊन पडला. शिट्टी वाजली. लोक उभे राहिले होते. कुणीतरी ओरडलं, "पहिली! पहिली!" आणि मग पुष्कळ जण तेच ओरडायला लागले.

सामन्यानंतर ती बर्फाची पिशवी नडगीला बांधून बसकडे निघाली. नडगी वांग्यासारखी जांभळी झाली होती. फाटकापाशी ती उंच भिरकावणारी थांबली होती. तिने हात पुढे केला.

"एकदाही हटली नाहीस तू."

"तू तरी कुठे नेम बदललास?"

"पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूला मारीन."

"मार की," धडक म्हणाली आणि शेजारून चाललेल्या गोलरक्षकाकडे बोट दाखवलं. "तिकडे ही असते."

तिघी हसल्या. बसच्या पायऱ्या चढताना पाय टेकवत नव्हता. गोलरक्षकाने तिची किट बॅग घ्यायला हात पुढे केला. धडकने बॅग खांद्यावर नीट सरकवली, दांड्याला धरलं आणि एकेक पायरी करत वर चढली.