दोन नावांचा त्रिकोण

साल एकोणीसशे एकसष्ट. त्या वर्षी आमच्या गावात त्रिकोणांची मोजणी झाली आणि आईच्या दुकानावर गदा आली.

दोन रस्ते मिळतात त्या बेचक्यात आमचं शिवणकामाचं दुकान होतं. भिंती तीनच. दार मागच्या लांब भिंतीत, आणि समोरच्या कोपऱ्यात आईचं मशीन. दोन्ही रस्त्यांचा उजेड फक्त तिथेच यायचा. मी एकोणीस वर्षांची. मी आणि मावशी काजं-बटणं करायचो.

फर्मान असं, की प्रत्येक त्रिकोणी वस्तूवर तिचा प्रकार रंगवायचा. त्यासाठी कचेरीत दोन खाती होती, बाजूंचं आणि कोनांचं. मध्ये जाड भिंत, बोलणं बंद. बाजूंचं खातं समभुज, समद्विभुज आणि विषमभुज एवढंच ओळखायचं. कोनांचं खातं लघुकोन, काटकोन आणि विशालकोन. आधी पोचेल त्याचा शब्द चाले. शाळेचं छप्पर विशालकोन ठरलं, न्हाव्याचा आरसा विषमभुज. "म्हणजे माझ्यात खोट काढता काय?" म्हणून न्हावी रुसून बसला.

आमच्याकडे दोन्ही खाती एकाच सकाळी आली. बाजूंचे साहेब फीत धरून भिंतीलगत सरकायचे आणि कोपरा आला की डोळे मिटायचे. खात्याची शिस्त! मावशीने त्यांचं नाव भिंतोबा ठेवलं. कोनांच्या बाई कोपऱ्याखेरीज काही बघत नसत. आल्या आल्या भिंतीवर आपटल्या. त्या झाल्या कोपरेबाई.

"दोन भिंती सारख्या. समद्विभुज," भिंतोबा म्हणाले.

"काटकोन," कोपऱ्यातून आवाज आला.

"अहो, दोन्ही असेल की!" आई म्हणाली.

तिने शिवी हासडल्यासारखे दोघं बघत राहिले. एका त्रिकोणाचे दोन प्रकार म्हणजे वाद. आणि वादातल्या त्रिकोणाचा रस्त्याकडचा कोपरा कापून तिथे चौथी भिंत घालायची, असा नियम. चौकोन झाला की वाद मिटला.

"आणि मी मशीन घेऊन कुठे बसू, रस्त्यात?" आई म्हणाली.

"बाई, कोपरा म्हणजे काय ते मला ठाऊक नाही," भिंतोबा म्हणाले.

"भिंत माझ्याकडे येत नाही," कोपरेबाई म्हणाल्या.

"मग दोघं मिळून ठरवा. तोवर बसा," म्हणत मावशीने दोन स्टुलं सरकवली.

ते बसले ते बसलेच. उन्हाळा सरला तरी रोज हजर. कोपरा कापून भिंत घालायला दोन्ही खात्यांचं एकमत लागणार; यांचं जमलं की कोपरा गेला, म्हणून आईचा जीव टांगणीला. त्यांनी एकमेकांना पाणी दिलं तरी ती दचकायची.

एके दुपारी भिंतोबांच्या कोटाचं बटण माझ्या हातून निसटलं आणि घरंगळत कोपरेबाईंच्या पायाशी गेलं. भिंतोबा डोळे मिटून चाचपडू लागले.

"उघडा की डोळे! मी काय खाते का?" कोपरेबाई म्हणाल्या.

त्यांनी उघडले. बराच वेळ पाहत राहिले.

"अहो, इथे तर दोन्ही भिंती येऊन मिळतात!"

"येतात? कुठून?" म्हणत कोपरेबाईंनी मान वळवली आणि पहिल्यांदाच आमची भिंत नीट पाहिली.

मशीन थांबलं. "संपलं," आई पुटपुटली.

"पण मग वाद कसला?" कोपरेबाई म्हणाल्या. "तुमचंही बरोबर, माझंही."

"वाद नाही तर चौथी भिंतही नाही," भिंतोबा जरा निराश होऊन म्हणाले. आईने पदरात तोंड लपवलं. हसत होती की रडत, कळलं नाही.

दारावर 'समद्विभुज काटकोन त्रिकोण' रंगवलं. दार अरुंद, त्यामुळे 'त्रिकोण' चौकटीवर गेलं.

पुढे त्या दोघांनी लग्न केलं आणि कचेरीतली मधली भिंत पाडायला लावली. तीन मुली झाल्या, उंचीला अगदी सारख्या. मावशी त्यांना समभुज म्हणायची. न्हाव्याने गोल आरसा घेतला, तरी मावशी जाईपर्यंत त्याला विषमभुजच म्हणत राहिली. कोपरेबाई आधी गेल्या. मग भिंतोबा अधूनमधून यायचे आणि कोपऱ्यात, भिंतीकडे पाठ करून बसायचे. आई नजर अधू होईपर्यंत तिथेच शिवत राहिली.

आता तिथे मी बसते. दोन्ही रस्त्यांचा उजेड अजून येतो.