तसदी घेऊ नका

सरकारी कचेरीत कागद किती दिवस पडून राहतो, हे तुम्हा-आम्हाला कुणी सांगायला नको. पण बल्गेरियातल्या एका लहानशा शहराच्या नगरपालिकेत झ्लातिना बोएवाच्या टेबलावर उन्हाळ्यापासून एकही कागद पडून राहिला नव्हता. तिच्या मेलमध्ये एआय मदतनीस आला होता. आलेल्या पत्राचा सारांश तो तीन ओळींत सांगायचा, खाली उत्तरही तयार ठेवायचा. झ्लातिनानं फक्त बटण दाबायचं. दिवसाचं काम अकराच्या आत उरकायचं, साहेब खूश असायचे. मग ती खिडकीबाहेर बघत बसायची. कॉफी गार व्हायची आणि ती गारच प्यायची.

फेब्रुवारीत तिची आई गेली होती. तेव्हापासून तिला काही वाटेनासंच झालं होतं. रडू नाही, राग नाही. चाळिसाव्या दिवशी तिकडच्या रीतीप्रमाणे थडग्यापाशी उकडलेले गहू वाटले, लोकांनी हात हातात घेतले, तेव्हाही ती लाकडासारखी उभी होती. आता नोव्हेंबर उजाडला होता.

तिच्याकडे काम होतं डब्यांचं. आजूबाजूच्या खेड्यांत तरुण माणूस औषधालाही उरलेला नाही. एकट्या म्हाताऱ्यांना पालिकेच्या स्वयंपाकघरातून रोज दुपारी गरम डबा जातो. कुणाचा सुरू करायचा, कुणाचा बंद, हे झ्लातिनाच्या हातात. ते डबे पोचवायचा स्तामेन. साठीला टेकलेला, तोंडानं फटकळ ड्रायव्हर.

मंगळवारी दुपारी तो चिखलाच्या बुटांनीच आत आला.

"पोरी, गोर्नो ब्रेस्ते गावच्या वेल्चोआजोबांचा डबा कुणी तोडला?"

"तोडला कुठं? त्यांनीच नको म्हणून कळवलंय." तिनं कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे फिरवला. "हे बघा. 'अर्जदारास सेवेची गरज नाही. सेवा थांबवावी.' मी थांबवली."

"बारा दिवस झाले. आज शेजारीण म्हणाली, त्याच्या धुराड्यातून धूर निघत नाही. म्हणून आत डोकावलो. म्हातारा गोधडीत पडून शिळा पाव पाण्यात बुडवून खातोय. पाय सुजलाय, चुलीपर्यंत जाववत नाही. आणि वर मलाच समजावतो, पालिकेच्याही अडचणी असतील म्हणून."

झ्लातिनानं पुन्हा पडद्यावरच्या त्या ओळी बघितल्या.

"त्याचं पत्र वाचलंस?"

"सारांश वाचला."

"मी पत्राचं विचारतोय."

तिनं पत्र उघडलं. म्हाताऱ्यानं वहीच्या पानावर लिहिलेलं, गावच्या कचेरीतल्या बाईनं फोटो काढून पाठवलेलं.

'आदरणीय बाई, देव तुम्हाला आणि तुमच्या घरच्यांना सुखी ठेवो. यंदा द्राक्षं बरी झाली, पण तोडायला माणूस नव्हतं, पाखरांनी खाल्ली. खाऊ देत. स्तामेन डबा घेऊन चिखलातून एवढी चढण चढतो, मला बरं वाटत नाही. माझ्यासाठी तसदी घेऊ नका. मी एकटा जीव, भागवीन कसंतरी. पाय जरा दुखावलाय, फाटकापर्यंत जाता येत नाही, पण त्याचं काही नाही. तुमचा, वेल्चो.'

"आता सांग," स्तामेन म्हणाला, "हा माणूस नको म्हणतोय?"

"शब्द तर तेच आहेत."

"शब्द! अगं, आपल्याकडे पहिल्या खेपेला हो कोण म्हणतं? पहिल्यांदा म्हणायचं नको, दुसऱ्यांदा म्हणायचं पोट भरलंय, तिसऱ्यांदा वाढलं की वाडगं पुसून खायचं. ते बिचाऱ्या मशिनला काय ठाऊक? पण तू तर इथलीच ना?"

"दिवसाला साठ पत्रं येतात, काका. मशीन नसेल तर माझा जीव जाईल."

"मशीन टाकून दे म्हणतंय कोण? मी गाडी सोडून गाढवावरून डबे नेतो का? याद्या, अहवाल, हिशेब, खुशाल त्याच्याकडे सोपव. पण त्यानं दिलेल्या वेळाचं तू करतेस काय? खिडकीबाहेर बघतेस. त्यातली दोन मिनिटं या म्हाताऱ्याला दिली असतीस, तर तो उपाशी पडला नसता."

झ्लातिनाची नजर त्या एकाच ओळीवर खिळली होती. तसदी घेऊ नका. आई फोनवर हेच म्हणाली होती: "येऊ नकोस गं, रस्त्यांवर बर्फ आहे. मी बरी आहे." झ्लातिना गेली नाही. तीन दिवसांनी शेजाऱ्यांनी दार फोडलं. तिथं कुठला एआय नव्हता. आईचा सारांश झ्लातिनानं स्वतःच काढला होता.

नऊ महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या आत काहीतरी दुखलं.

"काका, गाडीत जागा आहे?" तिनं कोट उचलला.

वेल्चोआजोबांचं दार नुसतं लोटलेलं होतं. बाई आलेली बघून ते कसेबसे उठून बसले, सदऱ्याची गुंडी लावू लागले.

"एवढ्या लांब कशाला आलीस, लेकी? मी जेवलोय."

स्तामेननं चूल पेटवली. झ्लातिनानं पालिकेच्या स्वयंपाकघरातून आणलेल्या डब्याचं झाकण काढलं. घेवड्याच्या सूपचा वास खोलीभर पसरला.

"थोडं घ्या, आजोबा."

"पोट भरलंय गं."

"मी मात्र जेवलेली नाही," ती म्हणाली. "आणि एकटीला घास उतरत नाही. माझ्यासाठी तरी बसा."

तेव्हा कुठं त्यांनी चमचा धरला. खाली मान घालून ते खात राहिले, शेवटी पावाच्या तुकड्यानं वाडगं पुसलं. मग वर बघितलं, तर झ्लातिनाच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"मिरची जास्त झाली का?"

"हो, आजोबा. जास्त झाली."

परतताना स्तामेननं त्यांना गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं. झ्लातिनानं साहेबांना लिहून दिलं, चूक यंत्राची नाही, माझी आहे. पत्र न वाचता मी बटण दाबलं.

एआय आजही तिच्या कॉम्प्युटरवर आहे. याद्या करतो, अहवाल करतो, झकास करतो. म्हाताऱ्यांची पत्रं मात्र ती शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः वाचते. कुणी नको म्हटलं की फोन लावते आणि तीनदा विचारते.

तर मंडळी, यंत्राला जरूर कामाला लावा, त्यात काही पाप नाही. पण माणसाच्या 'नको'मागची भूक ओळखणं हे आपलं काम आहे, ते कुणाच्या गळ्यात घालू नका. आणि आईनं फोनवर "येऊ नकोस" म्हटलं असेल, तर आजच निघा.